गॉब्लिनचं नाक कोणत्या रंगाचं?

एक गॉब्लिन, म्हणजे अद्भुत कथांतला खट्याळ बुटका, तळहातावर घ्या. उंची जेमतेम दोन सेंटिमीटर. डोक्यावर अंगाला न पेलणारी टोकदार टोपी, हातात भाला म्हणवून घेणारी वाकडी काठी आणि चेहऱ्यावर आजची लढाई आपणच मारणार असा आव. नाक ज्वारीच्या दाण्याएवढं, डोळा खसखशीएवढा. अजून तो सगळाच करड्या प्लास्टिकचा आहे. अंग हिरवं करायचं हे जवळपास ठरलेलं. पण नाक? हिरवंच ठेवलं तर तो शत्रू दिसतो. शेंड्यावर पातळ लाल रंगाचा एक ओघळ सोडला तर त्याच शूरवीराला सर्दी होते. लालात थोडा जांभळा मिसळला तर काल रात्री त्याला जरा जास्त झालेली असते. मूर्तिकाराने अर्धवट सांगितलेली गंमत रंगवणाऱ्याने पुरी करायची, हा या कलेचा गाभा. ती कशी पुरी करायची, यावर गेली चाळीसेक वर्षं मतभेद चालू आहेत.

टेबलावरच्या युद्धखेळांसाठी अद्भुत कथांतले चिमुकले पुतळे रंगवणं हा मूळचा ब्रिटन-अमेरिकेतला छंद. आता तो युरोपभर आणि त्याबाहेरही पसरला आहे. या पुतळ्यांना मिनिएचर म्हणतात. आपल्याकडच्या लघुचित्रांशी त्यांचा संबंध नाही. त्यांत सांगाडे, राक्षस, चिलखती योद्धे यांचा भरणा मोठा. इथे विचार करायचा आहे तो मात्र मिश्कील पुतळ्यांचा: गॉब्लिन, बुटके हाफलिंग, लांब टोपीचे नोम, तलवार उपसलेले उंदीर, चालत्या अळंब्या. कारण रंगकामातले बहुतेक वाद यांच्यापाशी येऊन धारदार होतात. चिलखती योद्धा बराच वाईट रंगला तरी योद्धाच राहतो; विनोद मात्र थोडक्यात फसतो.

खेळ आणि माप

खेळ साधारण असा. सहा फूट बाय चार फुटांच्या टेबलावर टेकड्या, झाडं, पडकी घरं मांडायची. दोन्ही कडांना दोन सैन्यं. चाल घरं मोजून नाही, मोजपट्टीने इंचांत. मारामारीचा निकाल फाशांवर. एका सैन्यात वीस-पंचवीसपासून शे-दीडशेपर्यंत पुतळे असतात. ते बहुधा सुट्या भागांत आणि बिनरंगाचे मिळतात. कापणं, जोडणं, रंगवणं हे खेळणाऱ्याचं काम.

प्रचलित माप २८ मिलिमीटर. ते तळपायापासून डोळ्यांपर्यंत मोजायची पद्धत आहे, कारण टोप्या आणि शिरस्त्राणं धरली तर उंचीचा हिशेब लागत नाही. या मापाचा माणूस खऱ्या प्रमाणात घडवला तर त्याचं डोकं चार मिलिमीटरचं होईल आणि दीड हातावरून चेहरा दिसणारच नाही. म्हणून डोकी, पंजे, शस्त्रं मुद्दाम मोठी केली जातात. याला ‘हिरोइक’ प्रमाण म्हणतात. योद्ध्याच्या बाबतीत ही तडजोड असते. गॉब्लिनच्या बाबतीत तीच गंमत असते.

दिवाळीतल्या किल्ल्यावर मातीचे मावळे मांडलेल्या वाचकाला हे तत्त्व नवं नाही. तिथेही पहारेकरी दरवाजाहून उंच असतो आणि ते कुणाला खटकत नाही. फरक एवढाच, की आपले मावळे बाजारातून रंगूनच येतात; इथे रंगवणं हा निम्मा खेळ आहे.

दोन घराणी

आजच्या वादांची मुळं दोन जुन्या घराण्यांत सापडतात. पहिलं खेळण्यातल्या शिपायांचं. विल्यम ब्रिटन यांच्या लंडनच्या कारखान्याने १८९३ मध्ये आतून पोकळ असे शिशाचे शिपाई ओतायला सुरुवात केली. त्यांचा रंग चकचकीत, डगला लालभडक, गाल गुलाबी. सावली नाही, उजेड नाही. रंग म्हणजे गणवेश. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे घरगुती युद्धखेळाचं पुस्तक काढलं, ते असल्याच शिपायांना आणि स्प्रिंगच्या तोफांना घेऊन. पुढच्या ऐतिहासिक युद्धखेळांत गणवेशाचा अचूकपणा हा रंगकामाचा निकष झाला. कुठल्या पलटणीच्या कॉलरला कुठला रंग, याचे दाखले पुस्तकांत मिळत.

दुसरं घराणं चित्रांचं. रिचर्ड डॅड या चित्रकाराने लंडनच्या बेथलेम मनोरुग्णालयात असताना १८५५ ते १८६४ या काळात ‘द फेअरी फेलर्स मास्टर-स्ट्रोक’ हे चित्र रंगवलं. सुमारे ५४ बाय ३९ सेंटिमीटरच्या कॅनव्हासवर गवताच्या पात्यांमागे दाटीवाटीने उभे असलेले पऱ्या आणि बुटके, प्रत्येकाचा चेहरा वेगळा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आर्थर रॅकहम यांनी ‘रिप व्हॅन विंकल’ (१९०५) आणि ‘पीटर पॅन इन केन्सिंग्टन गार्डन्स’ (१९०६) यांची चित्रं काढली. शाईची सुरकुतलेली रेघ आणि तिच्यावर पारदर्शक, चहाच्या पाण्यासारखे तपकिरी थर. गाठाळ नाकांचे, मुळांसारख्या बोटांचे त्यांचे बुटके अजूनही मूर्तिकारांच्या बोटांत आहेत.

ही दोन घराणी १९७० च्या दशकात अमेरिकेत एकत्र आली. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या ‘चेनमेल’ (१९७१) या मध्ययुगीन युद्धखेळाला ड्रॅगन आणि जादूगारांची पुरवणी जोडलेली होती. त्यातून पुढे गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) हा मूठभर साहसवीरांच्या भूमिका करायचा खेळ आला. तेव्हा विचित्र प्राण्यांचे पुतळे दुकानात मिळत नसत. गायगॅक्स यांनी हाँगकाँगमध्ये बनलेल्या स्वस्त प्लास्टिक खेळण्यांच्या पिशवीतले प्राणी पटावर आणले आणि त्या ओबडधोबड आकारांवरून घुबड-अस्वल, लोखंड खाणारा प्राणी असे राक्षस बेतले. अद्भुत मिनिएचरच्या मुळाशीच अशी एक खेळकर जुळवाजुळव आहे.

गणवेशाचं पुस्तक मात्र इथे नव्हतं. गॉब्लिनची कातडी कोणत्या हिरव्याची, याला इतिहास साक्षीला येत नाही. रंगवणाऱ्याला मिळालेलं स्वातंत्र्य आणि त्यातून उठलेले वाद, दोन्ही इथून सुरू होतात.

नॉटिंगहॅमची शाळा

गेम्स वर्कशॉप ही कंपनी १९७५ मध्ये लंडनमध्ये सुरू झाली. तिचं ‘व्हाइट ड्वार्फ’ मासिक १९७७ चं. पुतळे ओतणारी सिटाडेल ही तिची सहकंपनी त्या दशकाच्या अखेरीस नॉटिंगहॅमशरमधल्या न्यूअर्क गावात ब्रायन अ‍ॅन्सेल यांच्या पुढाकाराने उभी राहिली. १९८३ मध्ये अ‍ॅन्सेल, रिचर्ड हॅलिवेल आणि रिक प्रीस्टली यांचा ‘वॉरहॅमर’ आला. पाच-सहा साहसवीरांऐवजी अख्खी सैन्यं पटावर आणणारा हा खेळ होता. साहजिकच पुतळेही शेकड्यांनी लागू लागले.

मिश्कीलपणाच्या दृष्टीने या शाळेतला महत्त्वाचा हात केव्ह अ‍ॅडम्स या मूर्तिकाराचा. छंदाच्या वर्तुळात त्यांना ‘गॉब्लिनमास्टर’ म्हणतात. त्यांचे गॉब्लिन दात विचकतात, जीभ काढतात, एकमेकांना ढोसतात. शंभरांच्या घोळक्यातही चेहरे वेगवेगळे. लोखंडी गोळा साखळीला बांधून गरागरा फिरणारा, स्वतःच्याच सैन्यात घुसण्याची भीती असलेला नाइट गॉब्लिन फॅनॅटिक. दात आणि पाय फुटलेल्या चेंडूसारखा स्क्विग. रटरटणारी आमटी शत्रूवर उडवणारी हाफलिंगांची गोफण. ही सगळी याच जगातली पात्रं.

रंगकामाची शिस्तही इथेच घडली. ‘एव्ही मेटल’ या नावाने ‘व्हाइट ड्वार्फ’मध्ये रंगवलेल्या पुतळ्यांची छायाचित्रं आणि धडे येत. १९८७ मध्ये ‘गोल्डन डेमन’ ही स्पर्धा सुरू झाली. तिच्या सर्वोच्च मानकऱ्याला खरीखुरी तलवार मिळते, तिचं नाव ‘स्लेयर स्वोर्ड’. त्या काळाची घरची शैली ओळखायला सोपी: शुद्ध लाल, शुद्ध पिवळा, प्रत्येक कडेवर फिकट रेघ आणि तळाच्या चकतीची कड हिरवीगार. छापील पानावर आणि लांबच्या टेबलावर, दोन्हीकडे हे पुतळे उठून दिसत.

पुढे सूर बदलत गेला. २०१५ मध्ये जुन्या ‘वॉरहॅमर’चं जग कथेतच नष्ट करून त्या जागी ‘एज ऑफ सिग्मार’ आणलं गेलं. गॉब्लिन तिथेही टिकले. २०१९ मध्ये ‘ग्लूमस्पाइट गिट्झ’ या नावाने चंद्रवेड्या गॉब्लिनांचं, अळंब्यांचं आणि स्क्विगांचं मोठं सैन्य आलं. जुनं जगही २०२४ मध्ये ‘द ओल्ड वर्ल्ड’ म्हणून परतलं. दरम्यान १९८० च्या दशकातले शिशाचे पुतळे जमवून त्याच काळाच्या रंगांत रंगवणाऱ्यांची ‘ओल्डहॅमर’ नावाची चळवळ उभी राहिली होती.

पहिला वाद: झळझळीत की मळकट

रंगांबाबत आज ठळक अशी तीन मतं आहेत.

झळझळीत रंगांच्या बाजूचं म्हणणं असं, की मिश्कील पुतळा हे मुळात खेळणं आहे आणि खेळण्याने लाजू नये. पिवळी टोपी पिवळीच हवी. दोन सेंटिमीटरच्या वस्तूवर मंद रंग एकमेकांत मिसळून चिखल होतो. शुद्ध रंगच आकार वेगळे ठेवतात. शिवाय लाल आणि हिरवा समोरासमोर आले की नजर हसते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असतं.

मळकट बाजूचे आदर्श जॉन ब्लँश. हे दीर्घकाळ गेम्स वर्कशॉपचे कलादिग्दर्शक होते. त्यांच्या चित्रांत आणि ‘ब्लँचित्सू’ या सदरातल्या पुतळ्यांत तपकिरी, गंजका, जुन्या कागदाचा रंग भरून असतो आणि मधेच एखादा लाल ठिपका. या मताप्रमाणे गॉब्लिन हसवतो तो त्याच्या जगाच्या पार्श्वभूमीवर. जग चिखलाचं, भुकेचं, अंधाराचं असेल तरच त्यात आमटीची कढई घेऊन लढायला निघालेला हाफलिंग विनोदी आणि थोडा करुण वाटतो. सगळंच रंगीत केलं तर ते मुलांच्या वाढदिवसाचं टेबल होतं.

तिसरं मत चित्रपुस्तकवाल्यांचं. ते रॅकहमच्या वाटेने जातात: खाली उबदार सूर, वर पारदर्शक रंग, कडा दाखवायला फिकट रेघेऐवजी गडद रेघ. यांच्या लेखी पुतळा ही पुस्तकातून उतरलेली आकृती आहे. ‘मूनस्टोन’सारख्या परीकथेच्या वळणाच्या खेळांत ही शैली शोभून दिसते.

प्राण्यांच्या पुतळ्यांनी या वादाला वेगळाच फाटा फोडला आहे. ‘बरोज अँड बॅजर्स’ या खेळात उंदीर, बिजू, बेडूक शस्त्रं घेऊन उतरतात; अमेरिकेतल्या रीपर कंपनीचे माउसलिंग म्हणजे साहसवीरांच्या वेशातले उंदीर. गॉब्लिनला निसर्गात रंग नाही, उंदराला आहे. लव खरी रंगवली, तर लहर कपड्यांत ओतावी लागते. लवही जांभळी केली, तर उंदीर गॉब्लिन होतो. अनुभवी रंगवणारे बहुधा पहिला मार्ग घेतात: प्राणी जितका खरा, तितका त्याच्या अंगावरचा कोट हास्यास्पद.

दुसरा वाद: दोन पातळ हात की एक जाड हात

रूढ पद्धत अशी. आधी अस्तर, म्हणजे रंग धरून ठेवणारा फवारा. मग प्रत्येक भागाला मूळ रंग. मग घळींत उतरणारी पातळ गडद सावली. शेवटी उंचवट्यांवर एकेक पायरी फिकट होत जाणारा उजेड. रंग पाण्याने पातळ करून दोनदा द्यायचा, हा पहिला धडा. गेम्स वर्कशॉपच्या चित्रफितींत शिकवणारे डंकन ऱ्होड्स यांच्या तोंडी ‘दोन पातळ हात’ हे इतकं बसलं, की पुढे त्यांच्या रंगांच्या मालिकेला तेच नाव पडलं.

या वाटेवर जुना आडमार्ग अ‍ॅन्सेल यांच्याच फाउंड्री कंपनीचा: प्रत्येक रंगाच्या तीन डब्या, सावली, मूळ आणि उजेड. तिन्ही थर एकमेकांत विरघळवायचे नाहीत. जवळून पाहिलं तर पट्टे दिसतात, दीड हातावरून ते आपोआप मिसळतात. केव्हिन डॅलिमोर यांनी ही पद्धत पुस्तकरूपाने मांडली.

वेळेचं गणित मात्र सुटत नव्हतं. एका गॉब्लिनला दोन तास धरले तर साठांचं पथक म्हणजे १२० तास. म्हणून काहींनी पुतळे सरळ लाकडाच्या तपकिरी व्हार्निशमध्ये बुचकळायला सुरुवात केली. २००७ मध्ये स्थापन झालेल्या डेन्मार्कच्या आर्मी पेंटर कंपनीने हाच उपाय डबाबंद करून विकला. २०१९ मध्ये गेम्स वर्कशॉपने ‘कॉन्ट्रास्ट’ रंग आणले. ते फिकट अस्तरावर एकच भरघोस हात देऊन सोडायचे. रंग उंचवट्यावरून ओघळून घळीत साचतो आणि सावली-उजेड एकदमच होतात. दोन पातळ हात शिकवणाऱ्या घरानेच एक जाड हात शिकवला, याची गंमत छंदवाल्यांनी पुरेपूर घेतली. २०२२ मध्ये आर्मी पेंटरचे ‘स्पीडपेंट’ आले. पहिल्या आवृत्तीत वाळलेला रंग वरून ओला हात लागताच पुन्हा सुटायचा. पुढच्या आवृत्तीत ती खोड काढण्यात आली.

याच सुमारास ‘स्लॅपचॉप’ नावाची पद्धत पसरली: काळं अस्तर, त्यावर जवळपास कोरड्या ब्रशने करडा, मग पांढरा आणि वरून पारदर्शक रंग. युरोपातले तैलचित्रकार करड्या रंगात आधी चित्र उभं करून वर पारदर्शक रंग चढवत, त्याचंच हे घाईतलं भावंड.

झटपट पद्धतीचे समर्थक म्हणतात: न रंगवलेल्या शंभर पुतळ्यांपेक्षा बऱ्यापैकी रंगवलेले शंभर कधीही बरे. आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं: सगळ्यांचे पुतळे एकसारखे दिसू लागतात आणि हाताला वळण लागत नाही. दोघांच्या मधला मुद्दा पृष्ठभागाचा आहे. पारदर्शक रंगाला घळी आणि उंचवटे हवेत. रुंद ढालीवर, सपाट झग्यावर तो डाग पडून वाळतो. गॉब्लिन तर सुरकुत्यांचंच गाठोडं. अळंबीच्या पोटाच्या पडद्या, स्क्विगच्या हिरड्या, पिसं, वेताच्या टोपल्या यांवर तो जणू त्यांच्यासाठीच बनवलेला वाटतो. शाईच्या रेघेवर पारदर्शक हात देणारं रॅकहमचं तंत्र असं आडवाटेने डबीतून परत आलं आहे. मिश्कील पुतळ्यांपुरतं तरी झटपट रंगांविरुद्धचं म्हणणं इथे बरंच सैल पडतं.

तिसरा वाद: मांडणीतला पुतळा आणि पटावरचा पुतळा

स्पर्धेत पुतळा काचेच्या कपाटात एका जागी उभा असतो आणि परीक्षक त्याच्यावर वाकून पाहतो. पटावर तोच पुतळा हलतो, वळतो, पडतो आणि दिसतो तो वरून, पाठमोरा. या दोन जागांमधली ओढाताण धातूच्या रंगकामात सगळ्यांत स्पष्ट दिसते.

एक पद्धत धातूचे कण असलेला चमकदार रंग वापरायची. दुसरी धातूचा कणही न वापरता, नुसत्या करड्या-निळ्या किंवा तपकिरी-पिवळ्या छटांनी चकाकीचा भास उभा करायची. चित्रकार पितळी भांडं रंगवतो, तशी. फ्रान्समधल्या रॅकहम नावाच्या एका कंपनीच्या ‘कॉन्फ्रंटेशन’ खेळाच्या पुतळ्यांनी ही दुसरी पद्धत लोकप्रिय केली. कंपनी २०१० मध्ये बुडाली, पद्धत राहिली. तिच्यामागचं कौशल्य निर्विवाद आहे. आक्षेप असा, की तिच्यातला उजेड एका ठरलेल्या दिशेने आलेला असतो; पुतळा फिरवला की चकाकी चुकीच्या बाजूला राहते. समर्थकांचं उत्तर: रंगवलेली सावलीही तशीच खोटी असते, मग चकाकीनेच काय पाप केलं? हाफलिंगच्या कढईपाशी हा वाद जवळून पाहता येतो. खऱ्या चमकदार रंगाने कढई भांड्यांच्या दुकानातली दिसते. भासाच्या चकाकीने ती चित्रातली दिसते. काय हवं, ते हाफलिंग कुठून आलाय यावर ठरतं.

डोळ्यांचंही तसंच. पेणच्या गणेशमूर्तींत डोळ्यांची आखणी हे सगळ्यांत जाणत्या हाताचं आणि अखेरीचं काम. मिनिएचरवाल्यांत दोन तट आहेत. एक म्हणतो डोळे आधी, कारण चुकलं तर भोवतीच्या कातडीने झाकता येतं. दुसरा म्हणतो शेवटी, कारण मूर्ती तेव्हाच जागी होते. तिसरेही आहेत, ते डोळे काढतच नाहीत. दीड हातावरून खोबणीतली सावली पुरते, असा त्यांचा हिशेब. माणसाच्या पुतळ्यात बुबुळ म्हणजे वरच्या पापणीपासून खालच्या पापणीपर्यंत उभी रेघ काढायची, असा सल्ला असतो. मधोमध ठिपका दिला की चेहरा दचकल्यासारखा दिसतो. गॉब्लिनला मात्र तो ठिपकाच हवा. एक बुबुळ डावीकडे आणि दुसरं थोडं वर गेलं, तर ती चूक न राहता स्वभाव होतो. इतर पुतळ्यांवरचे दोष मिश्कील पुतळ्यांवर गुण ठरतात, त्याचं हे सगळ्यांत छोटं उदाहरण.

रंगाला गुण द्यावेत का

‘वॉरहॅमर ४०,०००’ या विज्ञानकथेच्या वळणाच्या खेळाच्या २०२० मधल्या आवृत्तीने १०० पैकी १० गुण पूर्ण रंगवलेल्या सैन्यासाठी राखले. त्यासाठी कसब लागत नाही. प्रत्येक भागाला रंग आणि तळाच्या चकतीला काहीतरी पोत असला की पुरे. त्यावरून जुना प्रश्न पुन्हा उठला. एका बाजूचं म्हणणं: खेळ दोघांचा असतो, समोरच्याला करड्या प्लास्टिकशी लढायला लावणं बरं नव्हे. दुसरी बाजू विचारते: हात थरथरणाऱ्याने, वेळ नसलेल्याने किंवा ज्याला फक्त डावपेच आवडतात त्याने काय करायचं? पैसे देऊन सैन्य रंगवून घेण्याची सोय आहे. असं काम घेणारे व्यावसायिक युरोप-अमेरिकेतच नव्हे तर श्रीलंकेतही आहेत. पण विकत घेतलेल्या रंगाला गुण द्यायचे का, हा उपप्रश्न तसाच उरतो.

साहित्य: शिसं, प्लास्टिक, राळ आणि मुंगूस

पुतळा कशाचा, यावरही रंग ठरतो. सुरुवातीचे पुतळे शिशाच्या मिश्रधातूचे होते. १९९० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या शिशाबाबतच्या कायद्याने अमेरिकी कंपन्यांची झोप उडवली आणि उत्पादक हळूहळू बिनशिशाच्या मिश्रधातूंकडे व प्लास्टिककडे वळले. रीपरने २०१२ मध्ये लोकवर्गणीतून ३४ लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी करून स्वस्त, लवचिक प्लास्टिकचे पुतळे काढले; त्यांवर अस्तराशिवाय रंग बसतो असा त्यांचा दावा. आता घरगुती त्रिमितीय छपाईयंत्रांतून द्रव राळेचे पुतळे निघतात. मूर्तिकार पडद्यावर घडवतो, ग्राहक त्याची फाइल विकत घेऊन घरी छापतो. मिश्कील पुतळ्यांना याचा फायदा झाला: ज्या बेडूक-सरदाराचा साचा काढणं कुठल्याच कंपनीला परवडलं नसतं, तो आता पन्नास माणसांसाठीही घडवता येतो. तोटा असा, की छापणं रंगवण्यापेक्षा फार सोपं झालं. न रंगवलेल्या पुतळ्यांच्या साठ्याला छंदवाले ‘पाइल ऑफ शेम’ म्हणतात. तो ढीग आता घरातल्या घरात वाढतो.

ब्रशच्या बाबतीत मात्र वाद थेट भारतापर्यंत येतो. बारीक कामासाठी कोलिन्स्की सेबल ब्रश सर्वोत्तम मानला जातो. विन्सर अँड न्यूटनची ‘सिरीज ७’ मालिका १८६६ मध्ये व्हिक्टोरिया राणीसाठी काढलेली. या ब्रशांचे केस सायबेरियन विझल या प्राण्याच्या शेपटीचे. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ‘साइट्स’ करारात या प्राण्याची नोंद तिसऱ्या परिशिष्टात आहे, आणि ती भारताच्या मागणीवरून. २०१३ च्या सुमारास अमेरिकेत अशा ब्रशांची आयात अडली, तेव्हा अनेक रंगवणाऱ्यांना आपल्या हातातले केस कुणाचे हे पहिल्यांदा कळलं. भारतातला प्रश्न आणखी जवळचा: इथे बारीक ब्रश मुंगसाच्या केसांचे बनत. वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार हा व्यापार गुन्हा आहे, आणि २०१९ मध्ये ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ या नावाने त्याविरुद्ध छापेही पडले. कृत्रिम तंतूंचे ब्रश सुधारले आहेत, तरी त्यांचं टोक लवकर वाकतं ही तक्रार कायम आहे. झटपट रंगांना टोकदार ब्रश फारसा लागत नाही, हा त्या पद्धतीच्या बाजूचा एक न मोजला गेलेला मुद्दा.

काय सुटलेलं नाही

पहिला प्रश्न श्रेयाचा. हसू येतं ते मूर्तीमुळे की रंगामुळे? केव्ह अ‍ॅडम्स यांचा गॉब्लिन बिनरंगाचाही दात विचकतो. पण संगणकावर घडवलेले आजचे पुतळे इतके तपशीलवार असतात, की रंगवणाऱ्याला भर घालायला जागाच उरत नाही, अशी तक्रार ऐकू येते. जुन्या पुतळ्यांकडे ओढा वाढण्यामागे स्मरणरंजन किती आणि ही मोकळी जागा किती, हे वेगळं करून दाखवलेलं नाही.

दुसरा कसोटीचा. स्पर्धांमध्ये छटांचा मऊपणा, उजेडाची दिशा, धातूचा भास यांना मान आहे. विनोदाला मोजमाप नाही. नाक लाल करून पाहणाऱ्याला हसवलं, याचे किती गुण?

तिसरा शिकण्याचा. एक जाड हात देऊन सुरुवात केलेली पिढी पुढे दोन पातळ हातांकडे वळते की नाही, हे कळायला अजून काही वर्षं जावी लागतील. झटपट रंग बाजारात येऊन फार काळ झालेला नाही.

अंतराचा हिशेब

सगळी मतं शेजारी मांडली की एक गोष्ट दिसते. भांडणारे बहुधा वेगवेगळ्या अंतरावर उभे असतात. तीन पट्टे न मिसळता सोडणारा दीड हातावरून बोलतो. चकाकीचा भास रंगवणारा वितीवरून बोलतो. झटपट रंगवाला टेबलाच्या पलीकडच्या कडेवरून आणि स्पर्धेचा परीक्षक भिंगामागून. आपापल्या अंतरावरून प्रत्येकाचं म्हणणं खरं आहे. दुसऱ्याच्या अंतरावर नेलं की ते लंगडं पडतं. त्यामुळे पुतळा चांगला रंगला का, हे विचारण्याआधी तो कुठून पाहायचा आहे हे ठरवलं, तर यातली निम्मी भांडणं मिटतात. उरलेली निम्मी आवडीची आहेत, आणि ती मिटायची गरजही नाही.

मिश्कील पुतळ्याची अडचण एवढीच, की त्याला जवळून आणि लांबून, दोन्हीकडून हसवायचं असतं. ते साधणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत: वाकडी बुबुळं जवळून, भडक टोपी लांबून. नाकाचा लाल शेंडा मात्र वितीवरूनही दिसतो आणि टेबलापलीकडूनही. ज्यांना हे काम करून पाहायचं आहे, त्यांनी शंभराचं सैन्य घेऊ नये. एकच गॉब्लिन घ्यावा, फिकट अस्तर द्यावं, हिरवा पारदर्शक हात द्यावा, वाळू द्यावा, आणि मग नाकापाशी थांबून विचार करावा. पाण्याची वाटी आणि चहाचा कप मात्र लांब लांब ठेवावेत. ब्रश चुकीच्या पेल्यात बुडतो, हा या छंदातला एकमेव मुद्दा आहे ज्यावर कुणाचाही मतभेद नाही.